मावशीआजीचा नंबर

सलोमीमावशीच्या हातात अख्खी वस्तू टिकत नसे. बिस्कीट दिलं की त्याचे दोन तुकडे. केळं दिलं की सालासकट मधून मोड. चहाचा कप हातात आला की अर्धा चहा बशीत, बशी पुढे, आणि मग नजर इकडेतिकडे भिरभिरणार, की ही कुणाला द्यायची? खोलीत दुसरं कुणी नसलं तरी हेच. एकदा तिला ताप आला म्हणून सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गोळी दिली. सुनंदा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती गोळी देते ती हुकूम दिल्यासारखी. मावशीनं गोळी कटकन मोडली, अर्धी गिळली आणि अर्धी पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

"अर्धी कुणासाठी ठेवलीस मावशी?" मी विचारलं.

"ते मला काय ठावं? ताप काय मला एकटीलाच येतो व्हय?"

ही खोड तिला बोर्डिंगनं लावली होती. बीडला मिशनच्या आवारात मुलींचं एक बोर्डिंग होतं. तिथं ती उभं आयुष्य वॉर्डनबाई होती. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "येका नवऱ्यासाटी येवढ्या पोरी कावून सोडू?" स्वयंपाकघरात ज्वारी कधी पुरायची, कधी नाही, पण पोरी मात्र रोज तितक्याच असायच्या. मावशी दारात उभी राहून प्रत्येक ताटात भाकरी मोडून टाकायची आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं ताट पुढे ओढायची. स्टीलचं, काठावर तिचं नाव कोरलेलं ताट. त्यात कधी पाऊण भाकरी असे, कधी पाव, कधी नुसती आमटी. "ज्याच्या हातात पळी, त्याचं ताट शेवटी," हा तिचा कायदा. तो तिनं कुणावर लादला नाही, पण तिच्यासमोर मोडायची हिंमतही कुणाला झाली नाही.

आमची आई तिची धाकटी बहीण. वडील आधीच गेले होते, मी दुसरीत असताना आईही गेली. मावशी आली आणि एका हाताला विजूदादा, एका हाताला मी, असं आम्हाला बोर्डिंगातल्या आपल्या खोलीत घेऊन गेली. मुलींच्या बोर्डिंगमध्ये वाढलेले आम्ही दोनच मुलगे. त्याचे परिणाम अजून भोगतो आहे. आजही कुठे कुणी "रांग लावा" म्हटलं की मी आपोआप शेवटी जाऊन उभा राहतो, आणि माझ्यानंतर आलेले तिघे पुढे निघून गेल्यावर मला कळतं, की आता आपण बोर्डिंगात नाही.

एका नाताळाला कुणीतरी पाहुण्यानं एक स्वेटर दिला. लाल, पुढं चेन असलेला. एक स्वेटर आणि आम्ही दोघे. आमची खात्री होती की मावशी यातूनही काहीतरी वाटणी काढणार. एक बाही त्याला, एक मला, किंवा सकाळी त्याला, संध्याकाळी मला. आम्ही दोघे तो स्वेटर दोन्हीकडून ओढत तिच्यासमोर उभे राहिलो. तिनं तो काढून घेतला आणि अख्खाच्या अख्खा विजूदादाच्या डोक्यातून घातला.

"आन् मला?" मी म्हणालो.

"तुला पुढल्या वर्सी."

"पण तू तर सगळं वाटतेस!"

"भाकर वाटते, शम्या. मोडलेल्या भाकरीनं दोघांचं पोट भरतं. मोडलेल्या स्वेटरनं दोघंबी गारठून मरतेत. समदंच मोडायचं नसतं. आता रडून घे. रडायला वाटणी लागत न्हाई."

मी रडलो. पुढल्या वर्षी तो स्वेटर मला मिळाला, तोवर चेन गेली होती. पण तिचं ते बोलणं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही, आणि पुढे गरज होती तेव्हा आठवलंही नाही.

मावशी निवृत्त झाली तशी खोली सोडावी लागली. स्वतःचं घर तिनं केलंच नव्हतं. विजूदादा तोवर धारूरला भांड्यांचं दुकान टाकून बसला होता. मी कड्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांची रीत ठरलेली आहे. भाऊ वेगळे झाले की शेत वाटतात, विहिरीचं पाणी बारीनं घेतात, आणि आईबापही बारीनं घेतात. दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. यात कुणाला काही गैर वाटत नाही. आम्हा भावांना ना शेत ना विहीर. वाटून घ्यायला म्हणून आमच्या वाट्याला ही एवढीच मिळकत आली होती. ती आम्ही अगदी शेजारपाजाऱ्यांच्या बरोबरीनं, रीतसर वाटून घेतली.

कडा जिल्ह्याच्या एका टोकाला, धारूर दुसऱ्या. मध्ये बीड. म्हणून मावशीची देवघेव बीडच्या बसस्टँडवर व्हायची. मी कड्याहून तिला घेऊन यायचो, दादा धारूरहून यायचा. कँटीनमध्ये चहा व्हायचा. मग मावशी, तिची कापडी पिशवी, औषधांचा डबा आणि ते नाव कोरलेलं ताट एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे जायचं. दोघांनाही सोयीचं. ना त्याला जास्त प्रवास, ना मला. प्रवास सगळा मावशीला.

ती कधी काही बोलली नाही. एकदाच, धारूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली असताना, समोरून एक हमाल पोतं घेऊन चालला होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "त्या पोत्याचं बरं हाय. त्येच्यावर पत्ता लिवलेला आसतो." आम्ही दोघे भाऊ हसलो. मावशीचा स्वभाव विनोदी, असं आम्ही बायकांना घरी सांगितलंही.

आता माझ्या मुलांविषयी. माझं लग्न उशिरा झालं, मुलं त्याहून उशिरा. इतर लोक ज्या वयात पोरांच्या कॉलेजची चौकशी करतात, त्या वयात मी अंड्यातला पिवळा भाग कुणाचा, यावर निवाडे देत होतो. रूथ थोरली, दानी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघांची एकच सायकल. खिडकीजवळचं एकच स्टूल. डास मारायची एकच रॅकेट. त्या रॅकेटपायी आमच्या घरात डासांपेक्षा माणसं जास्त जखमी झाली. शाळेत मी मुलांना भागाकार शिकवतो. बरा शिकवतो, असं लोक म्हणतात. घरी आलो की दोन पोरांत एक चॉकलेट, हा भागाकार मला कधी सुटला नाही. बाकी नेहमी रडारड उरायची.

त्यात आमचं घर ख्रिस्ती. म्हणजे दुसऱ्या बापाला पोरं भांडली की एक धपाटा घालून मोकळं होता येतं. मला आधी बोध करावा लागे. संध्याकाळची प्रार्थना झाली की मी पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट काढायचो. हजारो लोक उपाशी, एका पोराजवळ शिदोरी, त्यानं ती प्रभूच्या हाती दिली, सगळे जेवले आणि वर बारा टोपल्या उरल्या. मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की मधेच थांबलो तर सुनंदा भाजी चिरता चिरता पुढची ओळ म्हणायची.

एकदा दानीनं विचारलं, "पप्पा, मग त्या पोराला त्याचा डबा परत दिला का?"

"अरे, सगळ्यांचं पोट भरलं. त्याचंही भरलं."

"तसं नाही. त्याचा डबा. त्याची मम्मी विचारेल ना."

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून सांगतो म्हणालो. मावशी तेव्हा आमच्याकडे होती. भिंतीला टेकून बसली होती. ती पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग दानीला म्हणाली, "बराबर इचारलास बाबा. डब्याचं कुठं लिवलेलं न्हाई. पण त्येच्या मायनं नक्की इचारलं आसंल. दिणाऱ्याचं कुणीतरी इचाराया पायजे."

त्या रात्रीच्या प्रार्थनेत दानीनं डोळे घट्ट मिटून मागणं केलं, "हे प्रभू, रूथदीदीनं माझी सायकल मागू नये अशी तिला बुद्धी दे. आमेन." त्यावर रूथनं लगेच, "हे प्रभू, सायकल दोघांची आहे हे दानीला दाखवून दे. आमेन." सुनंदानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ होता: हे तुमचं खातं आहे, तुम्हीच बघा.

बोध हरल्यावर मी शाळामास्तरी अक्कल चालवली. घरात नंबर सुरू केले. सायकल एक दिवस हिची, एक दिवस त्याची. स्टूल सकाळी हिचं, संध्याकाळी त्याचं. ज्याचा नंबर नाही त्यानं हात लावायचा नाही, आणि ज्याचा आहे त्याला कुणी टोकायचं नाही. आठवडाभर शांतता होती. मी चर्चच्या मंडळीतल्या दोन-तीन बापांना ही युक्ती सांगितलीसुद्धा, अगदी मोफत. आणि मग मुलांना नंबराची अशी गोडी लागली की भांडायचे विषय संपल्यावर त्यांनी नवीन शोधून काढले. कुकरची शिट्टी मोजायचा नंबर. पाहुण्यांना आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम" म्हणायचा नंबर. आणि मावशी आली की मावशीआजीशेजारी झोपायचा नंबर. भांडण आता रडण्याऐवजी वकिली पद्धतीनं चालायचं, आणि मी कामावरून दमून येऊन त्या कोर्टात रोज उभा.

मावशी मात्र दमत नसे. धारूरहून येताना ती पिशवीत सीताफळं आणायची. तिकडच्या डोंगरातली, लहान पण गोड. वाटेत पिकायची, दबायची, आणि कड्याला पोचेपर्यंत शेवटचं एक बरं उरायचं. त्यावर दोन्ही पोरं तुटून पडायची. मावशी ते दोन्ही अंगठ्यांनी दाबून उकलायची. निम्मं रूथला, निम्मं दानीला. स्वतः बोटं चाटायची.

"मावशीआजी, तू?" रूथनं एकदा विचारलं.

"मला वास पुरतो. वाटणाऱ्याला वास पुरतो."

रूथनं थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग आपला वाटा खायला लागली. मी हे बघितलं आणि मनात म्हटलं, बघा, मुलीला निदान विचारायचं सुचलं, बोध अगदीच वाया गेला नाही. माझी ओढ नेहमी आपल्या बोधाकडे.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीची बारी संपली. मुलांना सुट्टी होती म्हणून त्यांनाही बीडला घेऊन निघालो. गाडीत खिडकीचा नंबर आष्टीपर्यंत दानीचा आणि पुढे रूथचा ठरला होता, पण दानीच्या मते आष्टी अजून आली नव्हती. ती मागं पडून बराच वेळ झाला होता. मावशीनं आपली खिडकीची जागा रूथला दिली आणि स्वतः मधल्या आडव्या दांड्याला धरून बसली.

स्टँडवर सुट्टीची गर्दी. दादा कँटीनपाशी उभा होता. डोक्यावरचे केस माझ्याहून कमी, पोट माझ्याहून जास्त. ही एक वाटणी परमेश्वरानं स्वतः केलेली. चहा आला. मावशीनं सवयीनं अर्धा बशीत ओतून रूथपुढे केला.

दादा म्हणाला, "चला, साडेअकराची गाडी लागती. पिशवी द्या इकडं."

पिशवीवर दानी बसला होता. उठला नाही.

"ऊठ की बाळा," दादा म्हणाला, "आता काकाचा नंबर हाय ना? दोन महिने तुमचा झाला, आता दोन महिने आमचा."

मुलांना मुलांच्या भाषेत सांगितलं, म्हणून दादा खूश होता. दानीनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो खोडसाळपणानं बोलत नव्हता. नियम मोडला जातोय असं वाटलं की त्याचा जो खरा, गंभीर चेहरा होतो, तो झाला होता.

"काका, तुमचा नंबर झाला, आमचा नंबर झाला. मग मावशीआजीचा नंबर कधी?"

"कावून बे? आजीला कशाचा नंबर?"

"तिचा नंबर. ती सांगणार कुठं राहायचं. आणि तिचा नंबर असेल तर कुणी टोकायचं नाही. पप्पांनीच नियम केलाय."

शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा हातातली पुरी तशीच धरून आमच्याकडे बघायला लागला. दादा हसला, पण हसू अर्ध्यावर अडकलं. मी चहाच्या कपात बघत बसलो, जणू कपाच्या तळाशी उत्तर विरघळत होतं. शेवटी मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे. मावशी, सांग. तुझा नंबर."

मनात मला उत्तर माहीत होतं. प्रश्न माझ्या पोरानं विचारला होता. पोरं तिच्यावर जीव टाकत होती. सुनंदा तिचं बीपी सकाळ-संध्याकाळ बघत होती. ती कडा म्हणणार, आणि मग आपलं कसं होणार, दोनच खोल्या आहेत, असा हिशेबही एकीकडे सुरू झाला होता.

मावशीनं कप खाली ठेवला. "इतक्या वर्सांत कुणी इचारलं न्हाई. उत्तर तयार न्हाई बाबा माझं."

"मग कर तयार," दानी म्हणाला. "आम्ही थांबतो."

साडेअकराची गाडी लागली आणि सुटली. दादानं गाडीकडे वळूनही बघितलं नाही, हे मी नंतर त्याच्या बाजूनं मोजलं. मावशी बाकावर पाय वर घेऊन बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढला. बोर्डिंगात महिनाअखेरीला ज्वारीच्या पिंपात बघताना ती अशीच दिसायची. मग म्हणाली,

"धारूर."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"धारूर," ती पुन्हा म्हणाली. "शम्या, राग मानू नको. तुज्या घरी मला लई जपतेत. सुनंदा मीठ बगती, जिना चढू देत न्हाई. तू हातातला झाडू काढून घेतो. पोरं तर माजा जीव हायेत. पण तुज्या घरी मी पेशंट हाय. तितं धारूरला थोरली सूनबाई माज्यासंगं भांडती. लसूण सोलायला देती, सावकाश सोलला तर बडबडती. मीबी बडबडते. भांडाया मिळतं ते घर आपलं आसतं बग. आन् दारातनं डोंगर दिसतो."

दादाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीच होती. कायमचं म्हणजे कायमचं. पण तो थोरला. हात पुढे करून म्हणाला, "मग चला मावशी. तुमचं घर हाय."

रडला तो दानी. "पण मी विचारलं ना! मी विचारलं म्हणून आमच्याकडं!"

मावशीनं त्याला जवळ ओढला. "इचारल्यावर पायजे तेच उत्तर मिळतं, आसं कुणी सांगितलं रं तुला? तसं आसतं तर तुजा बाप रोज इतकी प्रार्थना करतो, तुमी भांडला आसता का?"

तरी तो पिशवीवरून उठेना. पिशवीच्या दोन्ही बाजू मुठीत धरून बसला. मी ओरडणार होतो, तेवढ्यात रूथ त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. सायकलीवरून त्याचे केस उपटणारी, खिडकीसाठी आष्टीपासून भांडत आलेली ती रूथ. तिचेही डोळे भरले होते.

"ऊठ, दानी. तिचा नंबर आहे."

तो उठला. पिशवीचा एक बंद त्यानं धरला, एक रूथनं, आणि दोघांनी ती धारूरच्या गाडीपर्यंत नेली. माझ्या मुलांनी एक वस्तू न भांडता मिळून धरलेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तीही देऊन टाकण्यासाठी.

घरी आलो. सुनंदा फ्लॉवर निवडत बसली होती. सगळं ऐकल्यावर हातातला तुरा तसाच धरून म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं नको म्हणाल्या? आपण काय कमी केलं?"

"कमी नाही. जास्त केलं, म्हणते."

ती पुन्हा फ्लॉवर निवडायला लागली. खरं सांगायचं तर किती वर्षं मी मनातल्या मनात मोकळं व्हायची वाट बघत होतो. औषधं, ते स्टँड, ती जागेची ओढाताण. मोकळा झालो, आणि कुणीतरी आपल्याला पंगतीतून उठवल्यासारखं वाटत राहिलं. माणूस मोठा विचित्र. ओझं उतरवून घ्यायलाही त्याला मान लागतो.

मावशी धारूरला राहिली. थोरल्या वहिनीशी रोज भांडली. दुकानातल्या फोनवरून मला वहिनीच्या तक्रारी सांगायची आणि मागून वहिनी ओरडायची, "सांगा, सांगा, माझंबी सांगा!" कधी नव्हे तो तिचा आवाज कणखर ऐकू यायचा. मुलं सुट्टीत तिच्याकडे जाऊ लागली. बीडच्या स्टँडवरून आता आम्ही पुढची गाडी धरायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिनं अंथरूण धरलं. दादाचा फोन आला, "येऊन जा." आम्ही चौघेही गेलो. ती दारासमोरच्या खाटेवर होती. डोंगर दिसत होता, हिरव्याचा पिवळा व्हायला लागलेला. अंगात काही उरलं नव्हतं, बोटं तेवढी चालत होती; गोधडीचा दोरा धरून मोडल्यासारखं काहीतरी करत होती.

मुलं वाटेत थांबून फळवाल्या बाईकडून सीताफळ घेऊन आली होती. एकच. मी म्हणालो होतो, दोन घ्या, नाहीतर भांडाल. दोघंही म्हणाली, एकच पाहिजे. मला वाटलं, झालं, आता तिथंही तमाशा.

दानीनं ते मावशीच्या हातात दिलं. चांगलं मोठं, डोळे उघडलेलं. तिचे अंगठे लगेच फळाच्या मधोमध जाऊन बसले. दानीनं तिचा हात धरला.

"मोडू नको. अख्खं तुझं आहे."

"येड्या, अख्खं कसं खातेत? मला ठावं बी न्हाई."

"आम्हाला नको. खरंच नको," रूथ म्हणाली. "तू खा."

मावशी फळाकडे बघत राहिली, मग मुलांकडे, मग माझ्याकडे. तिची नजर पुन्हा तेच शोधत होती: निम्मं कुणाला? समोर दोन पोरं उभी असताना एकटीनं खायचं, हे तिच्या हाताला जमेना. अंगठे सारखे मधल्या खाचेकडे जायचे आणि थबकायचे.

रूथच्या ते लक्षात आलं. तिनं दानीला खांद्याला धरून वळवलं, आणि स्वतःही वळली. दोघं मावशीकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. मी बघतच राहिलो तर रूथ म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण."

मीही वळलो. सुनंदा वळली. दारात आलेला दादा काही न विचारता डोंगराकडे बघत उभा राहिला. वहिनी आतून लसणाची पाटी घेऊन येत होती, ती तशीच पाटी घेऊन भिंतीकडे वळली.

कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. मग खाटेवरच्या स्टीलच्या ताटात एक बी पडली. टिक. मग दुसरी. मग थोडं थांबून तिसरी. भिंतीवर वहिनीनं लावलेल्या कॅलेंडरचं पान वाऱ्यानं हलत होतं. दानीच्या तोंडाला सुटलेलं पाणी त्यानं गिळलेलं मला ऐकू आलं.

"झालं का, मावशीआजी?" त्यानं भिंतीला विचारलं.

"न्हाई आजून," मागून आवाज आला, तोंड भरलेला. "मागं बगू नको."